नवरा सीमेवर, सातबारा नवऱ्याच्या नावावर

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय, हे आपल्याच पेपरात वाचलं. त्यानिमित्तानं आमच्या भागातल्या एका संस्थेनं कर्तबगार महिला शेतकऱ्यांचा सत्कार ठेवला. साडी, श्रीफळ, सन्मानचिन्ह, वर फेटा. माझ्या पुतणसुनेनं अर्ज आणला. गेल्या वर्षी नवरा सीमेवर असताना तिनं एकटीनं दीड एकर सोयाबीन आणि वीस गुंठे आलं सांभाळलं, तेव्हा तिचा हक्कच होता. अर्जाला जोडायच्या कागदांच्या यादीत पहिलाच कागद होता, अर्जदार महिलेच्या नावाचा सातबारा. पोरीनं अर्जाची घडी घातली आणि फडताळात ठेवून दिली. मला म्हणाली, "काकी, जाऊ द्या, साड्या आहेत माझ्याकडं."

ती जाऊ द्या म्हणाली, पण मला जाऊ देता आलं नाही. पत्र लांबलं तर हवं तिथं कापा, फक्त कायद्याचा भाग ठेवा.

मी कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागातली, वाठार स्टेशनच्या पुढची. आमच्याकडचा वाघ्या घेवडा आपल्या वाचकांना ठाऊक असेल. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. घेवडा आणि फौज ही आमच्या भागाची दोन पिकं. अपशिंगे मिलिटरी हे गाव आमच्याच जिल्ह्यातलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. त्यांचं स्मारक आहे, भाषणं होतात, आणि व्हायलाच हवीत. पण ती चार वर्षं त्या गावची जमीन काही पडीक राहिली नसेल. कुणीतरी पेरलं असणार, काढलं असणार, सारा भरला असणार. त्याविषयी कुठल्या भाषणात एक वाक्य ऐकल्याचं मला आठवत नाही.

आता माझं सांगते. १९९९ च्या उन्हाळ्यात आमचे मालक तोफखान्यात नायक होते, मुक्काम पंजाबात. मे महिन्यात सुट्टीवर येऊन नांगरट, कुळवणी उरकून मृगाच्या आत परत जायचं, असं ठरलेलं होतं. सुट्टी रद्द झाली. पत्ता तोच राहिला, ५६ एपीओ हा फौजेच्या टपालाचा, पण माणूस कुठं आहे ते कळेना. जूनच्या सुरुवातीला आलेल्या अंतर्देशीय पत्रात एक वाक्य होतं, "इकडे थंडी फार आहे." मामंजी जुने मराठा पलटणीचे, अर्धांगानं बाजेवर पडलेले. ते वाक्य त्यांनी दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "पंजाबात जूनमधी थंडी कुठली? पोरगं वर गेलंय." ते द्रासच्या बाजूला होतं, हे नंतर कळलं.

युद्ध आणि खरीप एकदमच लागले. त्यामुळं कारगिलच्या तारखा मला पिकावरून आठवतात. तोलोलिंगचं शिखर १३ जूनला घेतलं, तेव्हा मृग चालू होता आणि आमची पेरणी अडलेली होती. टायगर हिल ४ जुलैला, तेव्हा आर्द्रा सरत आलेलं आणि पहिली कोळपणी चाललेली. २६ जुलैला सगळं थांबलं त्या आठवड्यात घेवडा फुलात होता.

घरात माणसं म्हणजे मामंजी बाजेवर, आत्याबाई, म्हणजे सासूबाई, साठीच्या पुढं गेलेल्या, दोन लहान पोरं आणि मी. थोरले दीर पुण्याला कंपनीत. वाटण्या १९९६ लाच झालेल्या, आमच्या वाट्याला अडीच एकर आणि विहिरीत चार आण्यांचा हिस्सा. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या. ती धारेची वेळ. म्हणून रेडिओ मी गोठ्यातच खुंटीला अडकवला होता. बातम्यांत शहीद हा शब्द आला की नाव ऐकेपर्यंत हात थांबायचा, आणि हात थांबला की म्हैस पान्हा चोरायची. त्या दोन महिन्यांत डेअरीचं माप कमी भरलं. डेअरीवाल्यानं कारण विचारलं नाही, त्याला माहीत होतं.

पेरणी कशी झाली ते थोडं खुलाशानं लिहिते, कारण शहरातल्या वाचकांना वाटतं की शेती "सांभाळणं" म्हणजे गड्यांना कामं सांगणं. मृगाचा चांगला पाऊस झाला की वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, दोन-तीन दिवस टिकतो. त्या दिवसांत ज्याचं औत त्याच्या रानात. पैऱ्यानं करायचं म्हटलं तर बदल्यात आमच्या घरचा बाप्या दुसऱ्याच्या रानात जायला हवा, आणि आमचा बाप्या तोफेपाशी. बैल होते, पेरायची पाभर होती, बी होतं, पाभरीचं रुमणं, म्हणजे दांडा, धरायला माणूस नव्हता. चाड्यावर, म्हणजे पाभरीत बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरणं हे बाईचंच काम, ते मला माहेरापासून येत होतं. घेवड्याचं बी टपोरं असतं, मूठ जरा सैल सोडावी लागते, नाहीतर नळीत बी अडकतं आणि पुढं दहा-वीस हात तास रिकामं जातं. ते उगवल्यावरच दिसतं. पण पाभरीचं रुमणं बाईनं धरायचं नाही, अशी आमच्याकडची रीत.

एक दिवस वाट बघितली. दुसऱ्या दिवशी वारं सुटलं, रान सुकायला लागलं. मी बैल जुंपले, रुमणं धरलं, आणि चाड्यावर आत्याबाई उभ्या राहिल्या. बांधावरून एका म्हाताऱ्यानं हटकलं, "आगं ए, बाईनं औत धरल्यावर पाऊस तोंड फिरवतोय." आत्याबाई चाडं न सोडता म्हणाल्या, "माझ्या पोरानं न्हाई फिरवलं तिकडं तोंड, पाऊस फिरवतोय व्हय?" म्हातारा निघून गेला. तास वाकडेतिकडे आले. रुमण्यावर दाब कमी पडला की फण वर येतो आणि बी उघड्यावर पडतं, ते पायानं झाकत झाकत आत्याबाई मागून चालत होत्या. त्या रात्री माझे तळहात इतके सोलवटले होते की भाकरी आत्याबाईंनी थापल्या. घेवडा मात्र चांगला उगवला.

पत्रांची तर वेगळीच गंमत. पत्र पोचायला पंधरवडा, उत्तराला दुसरा पंधरवडा. "घाई करू नको, पाऊस बघून पेर" हे त्यांचं पत्र आलं तेव्हा मी दुसऱ्या कोळपणीच्या बायकांना चहा देत होते. मी म्हैस व्याल्याचं कळवलं, त्याचं कौतुक आलं तोवर रेडी हिरव्याला तोंड लावायला लागली होती. आणि आम्ही दोघंही एकमेकांना सर्रास खोटं लिहायचो. ते लिहायचे, "इकडे विशेष काही नाही." मी लिहायची, "सोसायटीचं काम झालं."

सोसायटीचं, म्हणजे पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचं, काम झालेलं नव्हतं. शेतकरी वाचकांना सांगायला नको, तरी लिहिते. पीककर्जाचं नवं-जुनं करायचं म्हणजे मार्चअखेर जुनं भरायचं आणि खरिपाआधी नवं उचलायचं. मार्चचा भरणा मी केला होता. मनीऑर्डरचे आणि दुधाचे पैसे मोजून दिले, पावती मालकांच्या नावानं मिळाली. पैसे घेताना बाई चालली. नवं कर्ज उचलायला गेले तर सभासदाची सही पाहिजे. म्हटलं, सभासद लढाईवर आहे. तर म्हणाले, मग आल्यावर या. माणूस वाईट नव्हता. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, देशासाठी लढणाऱ्याचं घर म्हणून चार माणसांत तोंड भरून कौतुक केलं आणि फाइल मिटली. शेवटी खत उधारीवर आणलं, दुकानदार सांगेल त्या व्याजानं. ते फेडायला घेवडा घरात येण्याआधीच पहिलटकर म्हैस विकावी लागली. तीच, व्यालेली.

कुणी विचारेल, कुलमुखत्यारपत्र का नाही करून ठेवलं? सुट्टी रद्द झाल्याचा निरोप येतो त्या दिवशी माणूस बंदोबस्ताला लागतो, वकिलाकडं जात नाही. आणि लढाई काही सहा महिने आधी कळवून येत नाही.

त्याच पावसाळ्यात भावकीतल्या एका घरानं आमचा बांध कोरायला घेतला. आधी एक हात, मग दोन हात. एका सकाळी बघते तर कडेची घेवड्याची ओळ मुळासकट उलटी पडलेली, आणि बांधाची माती आमच्या बाजूला ओढून नवा बांध घातलेला. पंचांना सांगितलं तर म्हणाले, मालक येऊ दे, मग बसू. तालुक्याला मोजणीचा अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "खातेदार कोण?" मी नाव सांगितलं. "तुम्ही कोण?" "बायको." "मग त्यांना पाठवा." कुठून पाठवू, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मागं रांग होती, मी बाजूला झाले. तो बांध आजही तिथंच आहे, नव्या जागी. माझं नाव छापू नका अशी विनंती शेवटी करणार आहे, ती याच्यासाठीच. भावकीत राहायचं आहे.

त्या वर्षी आमच्या तलाठ्यानं मला एक गोष्ट सरळ शब्दांत समजावून सांगितली. म्हणाला, "वहिनी, बायकोचं नाव सातबाऱ्यावर वारस म्हणून येतं. वारसनोंद कधी होते ते तुम्हाला ठाऊक आहे." कारगिलमध्ये आपले ५२७ जवान गेले. त्यांच्यापैकी ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांच्या घरी फेरफार, म्हणजे नावबदलाच्या नोंदी, झाले असतील आणि त्यांच्या बायकांची नावं सातबाऱ्याला चढली असतील. माझे मालक धडधाकट परत आले, म्हणून माझं नाव चढलं नाही. यात मी कुणाला दोष देत नाही, नियम तसा आहे. पण नियम वाचला की असा वाचावा लागतो.

आत्याबाईंची गत याहून वेगळी नव्हती. १९७१ च्या डिसेंबरात मामंजी मराठ्यांच्या जंगी पलटणीबरोबर पूर्वेकडं, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत. इकडं शाळू निसवत होता. पाखरं लोटली की कणसात दाणा राहत नाही, म्हणून तान्हं पोर झोळीत घालून आत्याबाई दिवसभर माळ्यावर गोफण घेऊन उभ्या. जमालपूर हे नाव त्यांनी लढाई संपल्यावर जानेवारीत ऐकलं. आणि पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ. मामंजी तेव्हाही पलटणीतच. आत्याबाई खडी फोडायला गेल्या, पोरांना सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरी घातल्या, विकायला काढलेले बैल शेवटच्या बाजारातून परत आणले. का परत आणले, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "पाऊस पडल्यावर काय माझ्या गळ्यात जू अडकवणार व्हतीस?" त्या दुष्काळात त्यांनी जमीन राखली. मरेपर्यंत त्या जमिनीच्या कुठल्याही कागदावर त्यांचं नाव आलं नाही. आधी सासऱ्याच्या नावावर, मग नवऱ्याच्या, मग पोरांच्या.

देशातल्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहिवाटदार म्हणून नोंदल्या गेलेल्या बायका शंभरात १४ च्या आसपास भरतात. आमच्या शिवारात कुठल्याही दिवशी बांधावर उभं राहून मोजा. ओणवं होऊन काम करणाऱ्या पाठी कुणाच्या आहेत ते लांबूनही कळतं.

आता कायद्याचं. मी सोसायटीच्या आणि मोजणीच्या खिडकीवरून परत फिरत होते तेव्हा शासनाचं एक परिपत्रक सात वर्षं जुनं झालेलं होतं, आणि ते मला कुणी सांगितलं नाही. लक्ष्मीमुक्तीचं. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशींनी गावोगाव सांगायला सुरुवात केली की लक्ष्मीची पूजा करता, तर घरच्या लक्ष्मीच्या नावावर थोडी जमीन करा. ज्या गावातली शंभर घरं तयार होत ते लक्ष्मीमुक्त गाव. त्या चळवळीच्या रेट्यानं १९९२ मध्ये महसूल खात्यानं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज दिला तर बायकोचं नाव सातबाऱ्याला सहहिस्सेदार म्हणून लावायचं. त्यासाठी त्यानं मरायची गरज नाही.

मला हे कळलं २००९ मध्ये, बचत गटाच्या एका बैठकीत. मालक आदल्या वर्षी हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले. त्यांना सांगितलं तर एका शब्दानं तयार झाले. उलट म्हणाले, "हे आधी कळलं असतं तर बॉर्डरवर निवांत झोप लागली असती." मुद्दाम लिहिते, नाहीतर वाचणारे घरात भांडण असल्याचं समजतील. नव्यानं आलेल्या तलाठ्याला मात्र हा विषय माहीतच नव्हता. आधी बक्षीसपत्र करा म्हणाला, मग वाटणीपत्र करा म्हणाला. मी परिपत्रकाची झेरॉक्स पुढं ठेवली. ती त्यानं उलटसुलट बघितली, वरिष्ठांना विचारतो म्हणाला. विचारायला त्याला एक हंगाम लागला. मग नोटीस निघाली, हरकत आली नाही, फेरफार मंजूर झाला. त्यांच्या नावाखाली माझं नाव. त्या वर्षी सोसायटीत माझ्या सहीला अर्थ आला. घरातलं काही बदललं नाही. धार मीच काढत होते, आजही काढते.

१९९४ साली महाराष्ट्रानं लेकींना वडिलार्जित जमिनीत जन्मापासूनचा हिस्सा दिला. देशात तो २००५ ला आला. चांगलं झालं, मी त्या कायद्याच्या बाजूनं भांडलेली बाई आहे. पण बाई राबते सासरच्या रानात आणि कायदा हिस्सा देतो माहेरच्या रानात. तो मागितला की भाऊ तुटतो, आणि सासरी नवरा आहे तोवर तुझं काय काम. कृषिशास्त्रज्ञ डॉ. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक मांडलं होतं. जमीन नावावर असो-नसो, जी शेती करते तिला शेतकरी म्हणून दाखला द्या, असा त्याचा गाभा. ते मंजूर झालं नाही. ते झालं असतं तर सत्काराच्या अर्जाला आमच्या पोरीनं तो दाखला जोडला असता.

आणि आता २०२५. माझा पुतण्या मे महिन्यात यात्रेला म्हणून सुट्टीवर आला होता. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं आणि त्याला माघारी बोलावणं आलं. १० तारखेला गोळीबार थांबला, पण म्हणून पलटण लगेच घरी सोडत नाहीत. इकडं मे अखेरीस पाऊस असा लागला की मशागतीला वाफसाच मिळेना. पोरीनं ट्रॅक्टरवाल्याच्या मागं लागून कशीबशी पेरणी केली. आता औत धरायचा प्रश्न राहिलेला नाही, भाडं दिलं की ट्रॅक्टर येतो. बाईनं ट्रॅक्टर सांगितला म्हणून पाऊस तोंड फिरवतो, असंही कुणी म्हणत नाही. एवढी सुधारणा मान्य.

तिची अडचण नव्या जातीची. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. पुतण्याचा तो काढायचा राहिला होता. ती कागद घेऊन केंद्रावर गेली. केंद्रावरच्या मुलानं माहिती भरली आणि ओटीपी विचारला. ओटीपी गेला खातेदाराच्या, म्हणजे नवऱ्याच्या मोबाईलवर. नवरा पुढच्या चौकीवर, मोबाईल बंद ठेवायचा हुकूम. ती केंद्राच्या बाकड्यावर बसून राहिली. मुलगा दर थोड्या वेळानं विचारायचा, "आला का?" आमच्या वेळी महिन्यानं का होईना, उत्तर यायचं. हिचा ओटीपी दहा मिनिटांत शिळा. अंगठा चालतो का, विचारलं. चालतो, पण खातेदाराचा. ओळख क्रमांक नाही म्हणून सोयाबीनचा विमा राहिला. ई-पीक पाहणी मात्र तिनं स्वतःच्या मोबाईलवर केली. बांधावर उभी राहून सोयाबीनचा फोटो काढला, अक्षांश-रेखांश बरोबर आले, नोंद झाली. खातेदाराच्या नावानं.

माझं म्हणणं एवढंच आहे की सैनिकाच्या घरी हा घोळ मिटवणं अवघड नाही, कारण बायको कोण हे फौजेला आधीच माहीत असतं. जवानाचं लग्न झालं की पलटणीत पार्ट टू ऑर्डर निघते, बायकोचं नाव सर्व्हिस रेकॉर्डला चढतं. त्याशिवाय तिला ना फॅमिली पेन्शन मिळत, ना कॅन्टीनचं कार्ड. फौजेच्या कचेरीला जी बाई ठाऊक आहे ती गावच्या चावडीला ठाऊक नसते. त्याच ऑर्डरची प्रत आणि जवानाचा अर्ज एवढ्यावर लक्ष्मीमुक्तीची नोंद का होऊ नये? अर्ज त्यानं पलटणीतून, अधिकाऱ्याच्या सहीनं पाठवला तर तो तलाठ्यानं घ्यावा. सुट्टीच्या महिन्यात त्याला कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लावू नये. त्या महिन्यात त्याला घराचे पत्रे बदलायचे असतात.

आणि ज्यांना नाव लावायचं नसेल, किंवा जमीन अजून भावांत सामाईक असल्यानं ज्यांची नोंद अडते, त्यांच्यासाठी दुसरी सोय करा. जवान सीमेवर तैनात असल्याचा पलटणीचा दाखला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दिला की तेवढ्या काळापुरती बायकोची सही आणि बायकोचा मोबाईल पीककर्जाला, मोजणीच्या अर्जाला, ओळख क्रमांकाला चालावा. यात काही जगावेगळं मागत नाही. लढाईवर गेलेल्या शिपायाविरुद्धचा दावा त्याच्या माघारी चालवू नये, असा कायदा इंग्रजांनी १९२५ साली केला. जिल्हाधिकाऱ्याचं प्रमाणपत्र कोर्टात आलं की दावा थांबतो. शिपाई एकाच वेळी दोन ठिकाणी हजर राहू शकत नाही, हे इंग्रजांना कळलं होतं. कोर्टातला दावा थांबवता येतो. घेवड्याचा वाफसा थांबत नाही, त्याला कुणाची तरी सही तिथल्या तिथं लागते.

काही जण म्हणतील, नाव लावलं आणि उद्या बाई माहेरी निघून गेली तर? हे मला आमच्याच घरातल्या एका शहाण्यानं विचारलं होतं. मी त्याला म्हटलं, जायचं असतं तर १९९९ च्या जूनमध्येच गेले असते, तेव्हा घरात अडवायला कुणी नव्हतं.

पुतण्या गेल्या दिवाळीत येऊन गेला. आल्या आल्या त्याचा ओळख क्रमांक काढून घेतला, आणि लक्ष्मीमुक्तीचा अर्ज मी माझ्या हातानं लिहून त्याची सही घेतली. पुतणसुनेनं तो तलाठी कार्यालयात दिला, पोचही घेतली. अजून नोटीस निघालेली नाही. वरिष्ठांना विचारतो, असं उत्तर मिळालंय. तिच्यासारख्या आणखी कुणी असतील तर त्यांना सांगते, अर्ज तोंडी करू नका, दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि १९९२ च्या परिपत्रकाची झेरॉक्स पर्समध्ये ठेवा, ती कचेरीत असेल असं धरून चालू नका.

या पत्राचं कात्रण आम्हाला त्या अर्जाच्या स्मरणपत्राला जोडायचं आहे. तेव्हा छापणार असाल तर पेपरचं नाव आणि तारीख त्याच पानावर नीट दिसेल असं बघावं. माझं नाव छापू नये, कारण वर दिलंय.

आपली,
एका माजी सैनिकाची पत्नी आणि सहखातेदार,
ता. कोरेगाव, जि. सातारा